चार मिनिटं

सोमवारी मी वसुलीला निघतो.
निपाणीत मला नाव नाही. "केबल आला" म्हणतात,
नळ आला, लाइट गेली, तसं.

काल रात्री नऊ चाळीसला
शनीच्या पल्याड भरकटलेल्या यानात
चाळीस वर्षांमागं मेलेला मेकॅनिक
हेल्मेट काढून काही सांगायला तोंड उघडतो
आणि सगळ्या जत्राट वेशीत
पडद्यावर मुंग्या.
चार मिनिटं.
मुंग्या हटल्या तेव्हा यानातली डॉक्टरीण रडत होती
आणि भूत नव्हतं.

शेवंताक्का उंबऱ्यात विड्या वळत होती,
सूप मांडीवर. बोटं थांबली नाहीत.
"पैसे देतो की. आधी उरल्यालं भूत दाखव.
आमच्या आईनं बगितलेल्याचे पाय उलटे तरी होते.
ह्याला पायच न्हाईत, तरंगालंय.
ते कसलं भूत, फुगा त्यो."

बाळगोंडा मास्तर, विज्ञानाचे, निवृत्त:
"भूत नव्हेच ते. लहर.
माणूस जातो, लहर तारांत फिरत राहते.
तिकडून इकडं यायला सव्वा तास, हिशेब सोपा आहे."
दीडशे रुपये दोनदा मोजले,
मग आत बघून, आवाज उतरवून,
"पण बोललं काय रे?"

मैरूनबीचा पोरगा अंथरुणात मुतला.
ते माझ्या खात्यावर.

वखारीतला हमाल म्हणाला, "पगार मागितला असंल.
चाळीस वर्षांचा. म्हणून तर लाइन तोडली तुमी लोकांनी."

मालिका कानडीतून, भांडणं मराठीतून.
गिरणीसमोरच्या इरव्वाला विचारलं,
त्याला ते यानातले काय म्हणत होते?
"देव्व," म्हणाली.
पीठ चाळता चाळता कुसाक्का हसली,
"आमच्यात देव. एका व चा काय तो फरक.
बलवल्यावर दोघंबी येत न्हाईत."

दुपारपर्यंत भुतानं
कप्तानाला चोर म्हटलं होतं,
हवा गळत असल्याचं सांगितलं होतं,
बायकोचा पत्ता विचारला होता,
आणि सलूनमध्ये तर शिवीच दिली होती, अस्सल इथली.
मी सगळ्यांना हो म्हणत गेलो.

खरं म्हणजे मी भाग पाहिलाच नाही.
नऊ चाळीसला मी खांबावर होतो.
वारं सुटलेलं, चित्र हलतंय म्हणून फोनवर फोन,
बॅटरी दातांत धरून जुना जोड सोडवला,
काळी टेप उलगडली,
आत सिगारेटची चांदी, घडी घालून,
आणि तिच्याखाली गाठ. डावखुरी.

दस्तगीरमामांना जाऊन सहा वर्षं होतील.
त्यांच्यासारखी उलटी गाठ अख्ख्या तालुक्यात कोण मारत नाही,
मलाही जमली नाही,
टपली खाऊन खाऊन सोडून दिली.

जोड एका मिनिटाचा होता.
उरलेली तीन मिनिटं मी नुसती
गाठ चिमटीत धरून बसलो होतो.
खाली सातशे घरांत मुंग्या.

शेवटचं घर खैरूनचाचीचं. तिथं पावती फाडत नाही,
चहा होतो.
तिनं बशी पुढं सारली. भुताचं नाव काढलं नाही.
मीच म्हटलं, काल तुमच्याकडंही गेलं असेल, चार मिनिटं.
"चित्र गेलतं," म्हणाली, "आवाज होता की.
साफ. शेजारी बसून बोलल्यागत."

बशी माझ्या हातात तशीच.
काय बोललं, चाची?

"कानडीत होतं बाबा," ती म्हणाली,
"मला कुठं कळतंय."